जिन्याखालचा मीटर

काही माणसांना आपल्या कुळाचा अभिमान असतो, काहींना आपल्या अक्षराचा. मला जवळजवळ चार वर्षे आमच्या विजेच्या बिलाचा अभिमान होता. पुण्याला नारायण पेठेत आम्ही भाड्याने राहत होतो. घरात आम्ही दोघे, कॉलेजात जाणारी मुलगी, एक फ्रिज, एक गीझर, तीन पंखे आणि इस्त्री. आणि बिल मात्र दरमहा साडेचारशे-पाचशे रुपये! मित्रमंडळींत बिलांची गोष्ट निघाली, की सगळ्यांचे आकडे सांगून होईपर्यंत मी गप्प बसे आणि मग हळूच आपला आकडा टाकी. "जमवता कसं हो?" असे कुणी विचारले की "शिस्त," एवढेच म्हणे. मी शाळेत गणित शिकवतो. हा शब्द माझ्या तोंडी शोभतोही.

शिस्त म्हणजे काय, तर खोलीतून बाहेर पडणाऱ्याच्या मागून मी बटणे बंद करीत फिरे. कधी कधी माणूस आतच असे.

त्या घरात आम्ही आलो सप्टेंबर २०२० मध्ये. ते वर्ष विजेच्या बिलांच्या बाबतीत कुणी विसरलेले नाही. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, मीटर वाचणारी माणसे घरी बसली आणि दोन-तीन महिने नुसत्या सरासरीवर बिले निघाली. सरासरी थंडीच्या दिवसांची आणि पंखे फिरत होते वैशाखातले. जूनमध्ये मीटर वाचले गेले, तेव्हा साठलेली सगळी युनिटे एकदम अंगावर आली आणि राज्यभर ओरड झाली. म्हणून नव्या बिऱ्हाडात पाऊल टाकताना मी बिलाच्या धास्तीतच होतो. त्यातच आम्ही सामान लावतो न लावतो तोच कंपनीची माणसे आली आणि जिन्याखालचे जुने, चकती फिरणारे मीटर काढून त्यांनी नवे, लाल दिवा लुकलुकणारे बसवले. नवा मीटर पळतो, असे सगळी पेठ सांगत होती. आमचा पळाला नाही. तो चालला, आणि तोही रमतगमत.

पळाला तो समोरच्या काकूंचा.

आमच्या मजल्यावर समोरासमोर दोन बिऱ्हाडे. समोर काकू एकट्या. काका जाऊन बरीच वर्षे झालेली, मुलगा बंगलोरला. काकूंचे सारे आयुष्य त्या दोन खोल्यांत गेलेले. त्यांचे बिल पूर्वी तीन-चारशेच्या घरात असे, ते नवा मीटर बसल्यापासून चौदाशे-पंधराशेवर गेले. त्यांनी अर्ज केला. कंपनीचा माणूस आला, त्याने यंत्र लावून मीटर तपासला आणि "मीटर अचूक आहे, आजी," असे सांगून तो निघून गेला. (तो अक्षरशः खरे बोलत होता, हे पुढे कळायचे होते.) मग काकूंनी आपल्या परीने उपाय सुरू केले. रात्री फ्रिज बंद ठेवू लागल्या. उन्हाळ्यात दुपारी पंख्याऐवजी जिन्यातल्या खिडकीशी पाट टाकून बसू लागल्या. येता-जाता त्या दिसत, हातात वर्तमानपत्राची घडी, वारा घेत बसलेल्या.

एकदा त्यांनी मला विचारले, "तुमचं कसं हो कमी येतं?"

आता हा प्रश्न मला विचारायला नको होता. मी त्यांना जिन्यातच एक तास दिला. दोन हजार वॅटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट होते. पहिल्या शंभर युनिटांचा दर एक, त्यापुढच्या दोनशेंचा त्याहून बराच चढा. तेव्हा शंभराच्या आत राहण्यात सगळी मख्खी आहे, वगैरे वगैरे. शेवटी मी असेही म्हणालो, की "काकू, रागावू नका, पण वयोमानानं कधी कधी बटण बंद करायचं राहून जातं." काकू रागावल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळचा पुढच्या खोलीतला दिवाही लावायचा बंद केला.

असो. गेल्या चार वर्षांत पैसा पैसा जोडून आणि बँकेचे भले मोठे कर्ज काढून आम्ही धायरीला दोन खोल्या घेतल्या, आणि ३० एप्रिल २०२४ ला पेठेतले घर सोडले. घरमालकांनी शेवटच्या बिलापुरती अनामत मागे ठेवली. रिवाजच आहे. मे महिना सरता सरता त्यांचा फोन आला.

"सर, बिल आलंय. पाच हजार पाचशे साठ."

"पाचशे साठ," मी दुरुस्ती केली.

"पाच हजार पाचशे साठ. युनिटं चारशे बारा."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. आकडा तोच आला.

घरमालक गृहस्थ सज्जन, पण तर्काला पक्के. ते म्हणाले, "हे बघा, बिल १४ एप्रिल ते १४ मे. तीस तारखेला तुम्ही किल्ली दिलीत. त्याच दिवशी मी स्वतः मेन स्विच खाली पाडला आणि कुलूप लावलं. तेव्हापासून घरात माणूस नाही. मग चारशे बारा युनिटं जाळली कुणी? उंदरांनी?"

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. सोळा दिवसांत चारशे बारा, म्हणजे दिवसाला पावणेसव्वीस युनिटे. एवढी वीज एकट्या गीझरने खायची तर तो रोज जवळजवळ तेरा तास चालायला हवा होता. तिघांनी आळीपाळीने अंघोळी करीत राहिलो असतो, तरी त्या सोळा दिवसांत अंगाची सालटी निघाली असती. सामान बांधायला कोण उरले असते? पैशांचा प्रश्न होताच. कर्जाचा पहिला हप्ता दाराशी उभा होता आणि स्वयंपाकघराच्या फळ्यांसाठी सुताराला आगाऊ रक्कम द्यायची होती. पण खरे सांगायचे तर मला लागली होती ती दुसरीच गोष्ट. चार वर्षांची कीर्ती जात होती.

मी युद्धाची तयारी केली. २००३ सालचा वीज कायदा मिळवून वाचला. ग्राहकाने आधी कंपनीकडे तक्रार करावी, तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे जावे, तिथेही नाही तर विद्युत लोकपालाकडे. ही सारी चढण पाठ केली. त्यातले ५६ वे कलम तर मला फारच आवडले. विजेची थकबाकी बिलांतून सतत दाखवलेली नसेल, तर दोन वर्षांनंतर ती वसूल करता येत नाही, असे त्याच्या दुसऱ्या पोटकलमात म्हटले आहे. त्याच्या अर्थावरून न्यायालयांत पुष्कळ खल झालेला आहे. माझ्या प्रकरणाशी त्याचा काही संबंध नव्हता. तरी शस्त्र म्हणून ते मी जवळ बाळगले. तीन पानी अर्ज लिहिला, चार वर्षांची बिले तारखेवार लावून फाइल केली आणि कचेरीत गेलो.

खिडकीमागच्या बाईंनी अर्ज वाचला नाही. फाइल मात्र चाळली. मग विचारले, "घर रिकामं आहे का?"

"हो."

"मेन स्विच बंद?"

"मालकांनी स्वतः बंद केलाय."

"मग आधी जाऊन मीटरचा दिवा बघा. मेन स्विच बंद असताना दिवा लुकलुकत असला, तर मला येऊन सांगा. नसला तर अर्ज द्या." आणि त्यांनी पुढच्या माणसाला बोलावले. माझ्या तीन पानांवर इतकी थोडक्यात बोळवण यापूर्वी कुणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकांना घेऊन पेठेत गेलो. वर जाऊन कुलूप काढले. स्विच खाली होता. रिकाम्या घरात आपले बोलणे घुमते. भिंतीवर देव्हाऱ्याच्या जागी फिकट चौकोन दिसत होता. खाली जिन्याखाली उतरून मालकांनी बॅटरीचा झोत टाकला. आमच्या खोल्यांचा क्रमांक लिहिलेला मीटर शांतपणे लुकलुकत होता. पाच-सहा सेकंदांनी एकदा. पुन्हा एकदा. पुन्हा.

"भूत," मालक म्हणाले.

मी मात्र आनंदाने जवळजवळ ओरडलो. मीटर बिघडलेला! मी जिंकलो होतो. शेजारचा, काकूंचा मीटर मी सहज बघितला. त्याचा दिवा लुकलुकत नव्हता. तो नुसता होता तसा होता.

काकू तर घरात होत्या. त्यांचा पंखा चालू असल्याचे वर येताना मी ऐकले होते.

गणिताच्या मास्तराला पुढची पायरी लिहायला वेळ लागू नये. मला लागला. मी पुन्हा वर गेलो, काकूंना म्हटले, "काकू, दोन मिनिटं मेन स्विच बंद करू का?" आणि जिन्याच्या कठड्यावरून मालकांना हाक मारली. खालून उत्तर आले, "सर, दिवा थांबला! तुमच्याच मीटरचा थांबला!" स्विच वर केला. "लागला!"

मीटर दोन्ही अचूक होते. बसवणाऱ्याने तारा अदलाबदल करून जोडल्या होत्या, एवढेच. चौवेचाळीस महिने आमच्या नावाने आम्ही काकूंचे बिल भरत होतो आणि काकू आमचे.

काकूंना मी ते समजावून सांगितले. त्या म्हणाल्या, "तरीच! मुलानं एप्रिलात येऊन हा एसी बसवून दिला, महिनाभर मुलांनी रात्रंदिवस लावला, आणि बिल आलं निम्म्यावर. मुलगा म्हणाला, आई, नवे एसी वीज वाचवतात." एवढे बोलून त्या हसल्या. मला हसू आले नाही. मला जिन्यातला तो एक तास आठवत होता. आणि आणखी एक गोष्ट आठवत होती. त्या घरात आमच्या चार दिवाळ्या झाल्या. चारही वर्षी आमच्या खिडकीला आकाशकंदील असे, कठड्याला दिव्यांची माळ असे. माळ महाग पडत नाही, हे मी हिशेबाने सिद्ध करून दाखवले होते. काकूंच्या दाराशी दोन पणत्या असत.

घरी येऊन मी हिला सारे सांगितले, आणि सांगता सांगता कायद्याचेही सांगितले. कंपनी दोन्ही खात्यांची दुरुस्ती करील; मागे जाईल ती फार तर दोन वर्षे; खाते तर मालकांच्या नावाचे, आपण घर सोडलेले; आपल्याला कुणी विचारायलाही येणार नाही. ५६ वे कलम मी तोंडपाठ म्हणून दाखवले. ही वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. तिने विचारले, "किती होतात?"

"दोन वर्षांचे?"

"सगळे."

रविवारी आम्ही दोघे काकूंकडे गेलो. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. त्यात सगळी बिले होती, घडी घालून, रबर लावून. काहींच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेले होते: 'फ्रिज रात्री बंद', 'पंधरा दिवस मुलाकडे', 'पुढचा दिवा बंद'. आकडा मात्र हलला नव्हता. त्या पंधरा दिवसांच्या बिलाशी मी जरा जास्त वेळ थांबलो. घराला कुलूप असतानाही आकडा जवळजवळ तोच आलेला पाहून त्या बाईला आपल्याच डोक्याविषयी काय काय वाटले असेल!

एका बाजूला आमची फाइल, दुसऱ्या बाजूला तो डबा, मधे मी. शेवटचे वादाचे बिल बाजूला ठेवून फरक निघाला ४१,८०० रुपये. काकूंनी माझी बेरीज तपासून घेतली. त्या जुन्या मॅट्रिक होत्या.

मला वाटले होते, त्या नको नको म्हणतील. मी त्यावर काय बोलायचे तेही ठरवून गेलो होतो. काकू म्हणाल्या, "यातून ते माझ्या एसीचे पाच हजार पाचशे साठ वजा करा. ते तुमच्या अनामतीतून गेलेत ना?" मी मान हलवली. "मग ३६,२४० राहिले. चेक चालेल, पण एकदम नको. नवीन घर आहे तुमचं. तीन चेक द्या." आणि त्यांनी वहीच्या कागदावर पावती लिहून दिली. तिसरा चेक वटला तो ऑगस्टात. सुतार अजून यायचा आहे. डबे जमिनीवर आहेत.

निघताना मी म्हणालो, "काकू, त्या दिवशी जिन्यात मी जे काही बोललो..."

"ते बरोबर होतं हो," त्या म्हणाल्या. "गीझरचं मी लिहून ठेवलंय. पण माझ्याकडे गीझर नाहीये."

धायरीला परतल्यावर मी हिला घरात मेन स्विचपाशी उभे केले आणि मीटरच्या खोलीत गेलो. पहारेकऱ्याला वाटले, वीज गेली. मी खालून ओरडलो, "पाड!" तिने स्विच पाडला. आमचा दिवा थांबला. "लाव!" लागला. तरीही खात्रीसाठी मी तिला आणखी दोनदा तसेच करायला लावले, आणि मग वर गेलो.