कागजीपुऱ्याची कातरणं

ट्रिपहून परतल्यावर जीन्सच्या खिशातून काय काय निघतं? एसटीचं तिकीट, चहाचं बिल, लॉजचं कार्ड, चिक्कीचा कागद. निम्मं वॉशिंग मशीनमध्ये जातं, निम्मं कचऱ्याच्या डब्यात. फोटो आहेत ना मोबाइलमध्ये, मग हा पसारा कशाला? कबूल. पण ते पाच हजार फोटो शेवटचे कधी बघितलेत, बॉस?

माझ्या आईकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. लग्नानंतर आई-बाबा पहिल्यांदा फिरायला गेले ते १९८९ साली, वेरूळला. त्या प्रवासाची एसटीची तिकिटं अजून त्या डब्यात आहेत. पातळ कागदाची, कंडक्टरने टिकटिक करत पंच केलेली. एकाच्या मागे बाबांनी पेन्सिलीने हिशोब लिहिलाय : चहा २, भजी १, पेरू. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या हस्ताक्षरात आता घरात बँकेचे चार फॉर्म उरलेत आणि हे तिकीट.

आणि माझी गेल्या दोन-तीन वर्षांतली तिकिटं? अर्धी चक्क कोरी! कारण आता मशीनमधून येणारी तिकिटं आणि बिलं बहुतेक थर्मल कागदावर असतात. त्यात शाई नसतेच. कागदावरचा केमिकलचा थर उष्णतेने काळा होतो, तीच अक्षरं. ऊन, प्लॅस्टिकचं पाकीट, गोंद यांनी ती उडून जातात. आणि लॅमिनेशनला दिलंत तर अख्खं तिकीट काळंठिक्कर!

म्हणून यंदा जानेवारीत आईला म्हटलं, ‘चल, वेरूळला जाऊ.’ आधी नाही नाही म्हणाली, मग स्वतःच बॅग भरली. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ साधारण तीस किलोमीटर. एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. आईने ते हातात घेतलं, उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाली, ‘अगं, हे तर आत्ताच पुसट आहे.’

वाटेत दौलताबादचा किल्ला लागतो. त्याच्या पुढे, खुलताबादच्या अलीकडे, रस्त्यालगत एक छोटं गाव आहे, कागजीपुरा. वेरूळला जाणाऱ्या गाड्या इथे फारशा थांबत नाहीत. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली, तेव्हा तिच्याबरोबर कागद बनवणारे कारागीर इथे आले, असं सांगतात. गावाचं नावच त्यांच्या धंद्यावरून पडलं. जुनी पद्धत अशी : सुती चिंध्या कुटून लगदा करायचा, तो हौदातल्या पाण्यात कालवायचा, चाळणीवर त्याचा पातळ थर उचलायचा, वाळवायचा आणि गुळगुळीत दगडाने घोटायचा. लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन सुती कागदात नसतं. त्यामुळे तो वर्तमानपत्रासारखा पिवळा पडून तुटत नाही.

मी चार मोठे कागद घेतले. दुकानातल्या चाचांनी कडेच्या कातरणांची एक पुडी वर फुकट दिली. ‘ये किस काम का?’ त्यांनीच विचारलं. काम होतं ना, चाचा!

वेरूळ बघून आम्ही रात्री लॉजवर आलो आणि पलंगावरच कारखाना मांडला. तुम्हीही करून बघा. ड्रॉइंग-बिइंग येण्याची काहीही गरज नाही.

आठ पानी वही : एक आयताकृती कागद तीनदा निम्मा दुमडा, उघडा, की आठ चौकोन दिसतील. आता तो आडव्या बाजूने निम्मा मिटा आणि बंद घडीकडून मधल्या रेघेवर अर्ध्यापर्यंत कापा. कागद उघडून लांबीत दुमडा, दोन्ही टोकं आत ढकला. मधली चीर फाकते आणि वही तयार. ना शिलाई, ना स्टेपल.

खिसा : कातरणाची पट्टी पानाच्या खालच्या भागावर ठेवून तीन कडांना मैद्याची खळ लावा. वरची बाजू उघडी. तिकीट त्यात सरकवायचं, चिकटवायचं नाही.

कोपरे : पानाला चार तिरके काप द्या आणि तिकिटाचे कोपरे त्यात अडकवा. हवं तेव्हा काढून मागची बाजू वाचता येते.

कव्हर : जुनी लग्नपत्रिका. प्रत्येक घरात चाळीसेक तरी असतातच!

थर्मल तिकीट असेल तर घरी आल्या आल्या त्याची झेरॉक्स काढा आणि मूळ तिकिटासोबत ठेवा. क्यूआर कोडवालं तिकीट असेल, तर कागद मिळणारच नाही. मग तारीख, बसची वेळ, कोण कुठे बसलं, काय खाल्लं, ते पानावर स्वतः लिहा. तेही पेन्सिलीने. पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्राफाइट, ते उन्हाने उडत नाही. १९८९ चा हिशोब म्हणूनच अजून वाचता येतो.

आईने वहीच्या पहिल्या खिशात बाबांचं तिकीट ठेवलं. पर्समध्ये घालून बरोबर आणलं होतं तिने, मला न सांगता. समोरच्या पानावर आमचं यंदाचं. मग माझ्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि खाली लिहिलं : चहा २, भजी १. ‘पेरू नाही मिळाला,’ म्हणाली. तेही लिहिलं.

तुमच्या घरातही असा एखादा डबा असणार. पुढच्या वीकएण्डला तो आई-बाबांसमोर उघडा आणि कुठलं तिकीट कुठलं, ते विचारून मागे लिहून घ्या. आणि वेरूळला निघालात तर मंगळवार टाळा, लेणी बंद असतात. जाताना कागजीपुऱ्याला गाडी मात्र थांबवा!