नातू नौदलात गेला त्याची गोष्ट

माझ्या भावाचा नातू २०२३ साली अग्निवीर म्हणून नौदलात भरती झाला. आमचा माण तालुका, जिल्हा सातारा. आमच्या जिल्ह्याला फौज नवी नाही, मिलिटरी अपशिंगे गावाचं नाव तुम्ही ऐकलंच असेल. पण फौज म्हणजे लष्कर, एवढंच आम्हाला ठाऊक. नौदलाबद्दल विचारावं असं भावकीत कुणी नव्हतं. आणि पोरानं भरल्या तलावापेक्षा मोठं पाणी कधी पाहिलेलं नाही!

पहिले चार महिने ओडिशात, चिल्का सरोवराच्या काठी 'आयएनएस चिल्का'वर. पुढं इंजिनाचं काम शिकायला लोणावळ्याला 'आयएनएस शिवाजी'वर. ही दोन्ही ठिकाणं जमिनीवर आहेत, तरी बोलायचं ते जहाजावर असल्यासारखं. जमिनीला डेक, स्वयंपाकघराला गॅली, संडासाला हेड्स. फाटकाबाहेर बाजारात जायचं तरी 'अशोर' चाललो म्हणायचं, म्हणजे किनाऱ्यावर. आधी मला हसू आलं. मग वाटलं, बरोबरच आहे. आम्हीही पहिलीतल्या मुलांना आधी शाळेची भाषाच शिकवायचो.

खरी कसोटी पुढं जहाजावर लागली. सुट्टीवर आला तेव्हा मी खोदून खोदून विचारलं. समुद्र लागतो का, तर हो, लागतो. वर डेकवर असलं की दूर क्षितिजाकडं बघत राहावं, जरा बरं वाटतं. पण याचं काम खाली इंजिनापाशी. तिथं कुठलं क्षितिज? उकाडा, आवाज, आणि वर दिवस आहे की रात्र तेही कळत नाही. मळमळत असलं तरी पाळी चुकत नाही. कोरडी बिस्किटं खायची आणि कामाला लागायचं.

पाळ्यांची रीत मला फार आवडली. दिवसाचे चार-चार तासांचे पहारे केले तर सहा होतात. माणसांचे तीन गट असले तर प्रत्येकाला रोज तीच वेळ येणार, म्हणजे मध्यरात्री बारा ते चार कायम एकाच्याच नशिबी. म्हणून दुपारी चार ते आठचा पहारा मोडून दोन-दोन तासांचे दोन करतात. त्याला 'डॉग वॉच' म्हणतात. पहारे झाले सात, की पाळी रोज आपोआप पुढं सरकते. मी कित्येक वर्षं शाळेचं वेळापत्रक लावलं. शेवटचा तास कायम मलाच का, हे भांडण दर जूनमध्ये ठरलेलं. इलाज इतका सोपा असतो तर!

पाण्याच्या बाबतीत मात्र आमचं पोर इतरांपेक्षा हुशार ठरलं. जहाजावर गोडं पाणी जपून वापरावं लागतं. अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, मग पुन्हा नळ. शहरातली मुलं कुरकुरायची. हा म्हणाला, "आत्याआजी, मला त्यात शिकायला काही नव्हतं. आपल्या घरी टँकरच्या पाण्यात हेच तर करायचो."

त्याच्यापेक्षा जड गेलं ते त्याच्या आईला. किनारा सुटला की फोन लागत नाही. जहाज कुठं चाललं, कधी परतणार, हे त्यानं सांगायचं नाही आणि आपण विचारायचं नाही. सुरुवातीला ती रात्र रात्र जागायची. आता फोन आला की एवढंच विचारते, "जेवलास का? झोप झाली का?" त्या दोन उत्तरांच्या आवाजावरून तिला बाकीचं कळतं म्हणे.

आता २०२७ साली त्याची चार वर्षं पुरी होतील. अग्निवीरांपैकी पंचवीस टक्क्यांपर्यंतच मुलांना पुढं कायम घेतात. बाकीच्यांना पैसे मिळतात, पण पेन्शन नाही. समुद्र अंगवळणी पडला आणि पुन्हा घरी, असं होईल का? तो स्वतः हे बोलत नाही, आम्हीही काढत नाही. मी त्याला एकच सांगितलं, "बाळा, जे जे काम हातानं केलंस ते तारीख घालून एका वहीत लिहून ठेव. जहाजाचं काही नको, फक्त तुझ्या हातातलं कसब."

वही अर्धी भरली आहे म्हणाला. मला बरं वाटलं.