आईच्या गटाची वही

आमच्या वर्गातली काही मुले मला ‘बायकांचा कारकून’ म्हणतात. म्हणू देत. दर मंगळवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर बचत गटाची बैठक भरते. अकरा जणी असतात. सतरंजी मी अंथरतो आणि वहीही मीच लिहितो, कारण आईला सहीपुरतेच येते.

प्रत्येकीने आठवड्याला 50 रुपये टाकायचे. म्हणजे 550 झाले. जिला अडचण असेल तिने त्यातूनच कर्ज घ्यायचे, व्याज शंभराला महिन्याला एक रुपया. आपल्या राज्यात 2011 साली ‘उमेद’ अभियान सुरू झाले, त्यातला हा गट आहे. पंचसूत्री मला पाठ आहे : नियमित बैठक, नियमित बचत, नियमित अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड आणि नियमित हिशेब. गुरुजींनी सांगितले, की बांगलादेशात महंमद युनूस यांनी 1976 साली एका खेड्यात गरिबांना छोटी कर्जे द्यायला सुरुवात केली. पुढे 2006 साली त्यांना व त्यांच्या ग्रामीण बँकेला शांततेचे नोबेल मिळाले. आमच्या गटाने मात्र कडक भाकरीचे काम धरले आहे. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मंद आचेवर पापडासारखी कडक करायची. पुष्कळ दिवस टिकते. सोबत उखळात कुटलेली शेंगाचटणी. जानेवारीत सोलापूरला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत विकायला गेलो होतो. सुटे पैसे देण्याचे काम माझे. मोडक्या भाकरीही माझ्याच!

आता खरी गोष्ट सांगतो. एका मंगळवारी मला खेळायला जायची घाई होती. म्हणून पैसे गोळा होण्याआधीच मी सगळ्यांच्या नावांपुढे 50 लिहून टाकले. अंधार पडला म्हणून त्या दिवशी पेटी मोजायची राहिली. पुढच्या मंगळवारी मोजली, तर 50 रुपये कमी.

पेटी एका काकूंच्या घरी असते. सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. एकजण म्हणाली, “घरात लेकरं असत्यात, लागतोय कुणाचा तरी हात.” काकूंनी पदराची गाठ सोडली, 50 रुपये पेटीत टाकले आणि चहा न घेताच निघून गेल्या.

काकूंचा मुलगा माझ्याच बाकावर बसतो. दुसऱ्या दिवशी त्याचा गाल सुजला होता. “मी घेतलं न्हाई रं,” एवढंच म्हणाला.

घरी येऊन मी सगळ्यांची पासबुके वहीशी ताडून पाहिली. ती आमच्याकडेच असतात. एका अक्कांच्या पासबुकात तो आठवडा कोरा होता. त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, आल्याच नव्हत्या! चूक माझी होती. तरी मी दोन दिवस गप्प बसलो. भीती वाटत होती. तिसऱ्या दिवशी जेवताना घास गिळेना, तेव्हा आईला सांगितले. मला वाटले ती मारेल. तिने ताट झाकले आणि त्याच वेळी मला काकूंकडे घेऊन गेली.

मी उंबऱ्यातच उभा राहून सांगितले. आई म्हणाली, “मंगळवारी सगळ्यांम्होरं सांगंल त्यो. तुमचं पन्नास बी माघारी मिळतील.” काकू म्हणाल्या, “पैसं मिळतील वो. लेकराला मारलं ते कसं माघारी घिऊ?”

मंगळवारी सगळ्यांसमोर सांगताना माझा आवाज निघत नव्हता.

आता पैसे मोजायला काकूंचा मुलगा बसतो. तो “आले” म्हणाल्याशिवाय मी वहीला पेन टेकवत नाही. आईही आकडे शिकते आहे. परवा तिने पहिल्यांदाच बेरीज केली, ती 540 आली. आम्ही दोघे एकमेकांकडे बघून गप्प बसलो. ती पुन्हा पहिल्यापासून बोटे मोजायला लागली.

– इयत्ता 7 वी