बाबांच्या अक्षरांचा पत्ता

लिनक्स वापरणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास विचारला जातो. "अरे, ते स्क्रीनचं सेटिंग नक्की कुठे सेव्ह होतं?" प्रश्न साधा वाटतो, पण उत्तर द्यायला बसलं की अर्धा तास जातो. कारण आधी एक उलटा प्रश्न विचारावा लागतो: कोणाचं सेटिंग? यंत्राचं, मॉनिटरचं, की तुमचं? हे कळलं की फाईल सापडायला फार वेळ लागत नाही. वीकांत मोकळा आहे, तर एकदा हे नीट लिहून काढतो. कारणही घरातच घडलंय, ते पुढे येईलच.

पूर्वी मामला सोपा होता (आणि त्रासाचा!). 'ईटीसी' फोल्डरात 'एक्स-इलेव्हन', आणि त्यात 'एक्सऑर्ग डॉट कॉन्फ' नावाची एकच फाईल. अख्ख्या संगणकाला एक. मॉनिटरची आडवी-उभी फ्रिक्वेन्सी हाताने लिहायची, आणि चुकीचा आकडा दिला तर जुना सीआरटी मॉनिटर खराब होऊ शकतो अशी ताकीदही मिळायची. शिवाय बदल करायला रूटचा पासवर्ड हवा. म्हणजे घरात चार माणसं तो संगणक वापरत असली, तरी पडदा कसा दिसावा हे ठरवणार एकटा रूट.

मग दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे मॉनिटर स्वतःची ओळख सांगायला लागले. १९९४ साली व्हेसा या संस्थेने 'ईडीआयडी' नावाचं मानक काढलं. केबल जोडली की मॉनिटर आपली कुंडली पाठवतो: बनवणाऱ्याची तीन अक्षरं, मॉडेलचा नंबर, सिरियल नंबर, कोणकोणती रिझोल्यूशन्स जमतात, वगैरे. यात गमती असतात. एलजीचा मॉनिटर आपलं नाव 'जीएसएम' सांगतो. मोबाईलशी काही संबंध नाही, ते कंपनीच्या जुन्या 'गोल्डस्टार' नावातून आलंय!

दुसरी गोष्ट म्हणजे सेटिंग्ज रूटच्या हातातून सुटून ज्याच्या त्याच्या होम फोल्डरात राहायला आली. आली ती लपूनच. युनिक्समध्ये ज्या फाईलच्या नावाआधी टिंब असतं ती यादीत दिसत नाही. रॉब पाईक यांनी २०१२ साली यामागची गोष्ट सांगितली होती. यादी दाखवणाऱ्या 'एलएस' आज्ञेला फक्त 'टिंब' आणि 'टिंब-टिंब' या दोन खास नोंदी वगळायच्या होत्या. पण लिहिणाऱ्याने पहिलं अक्षर टिंब आहे का, एवढंच तपासलं. झालं! टिंबाने सुरू होणारं सगळंच गायब व्हायला लागलं, आणि लोकांनी त्याचा फायदा घेऊन तिथे आपापली सेटिंग्ज ठेवायला सुरुवात केली. पुढे होम फोल्डरात अशा टिंबवाल्या फाईल्सचा बाजार भरला, तेव्हा २००३ मध्ये फ्रीडेस्कटॉपच्या मंडळींनी एक शिस्त सुचवली. सेटिंग्ज 'डॉट-कॉन्फिग' मध्ये, डेटा 'डॉट-लोकल' च्या आत 'शेअर' मध्ये, आणि फेकून दिलं तरी चालेल असं सगळं 'डॉट-कॅश' मध्ये.

तर आता पत्ता. ग्नोम डेस्कटॉप असेल तर होम फोल्डर उघडा, कंट्रोल-एच दाबा, लपलेले फोल्डर दिसू लागतील. 'डॉट-कॉन्फिग' मध्ये जा. तिथे 'मॉनिटर्स डॉट एक्सएमएल' नावाची छोटीशी फाईल असेल. नसेल तर तुम्ही डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये अजून काही बदललेलं नाही, बदल कायम केल्यावरच ती जन्माला येते. उघडून वाचली तर इंग्रजी येणाऱ्या कुणालाही कळेल. कोणत्या पोर्टला, कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा, कोणत्या सिरियल नंबरचा मॉनिटर, आणि त्याच्यावर किती रिझोल्यूशन, किती स्केल.

'कोणत्या सिरियल नंबरचा' हे शब्द लक्षात ठेवा. आमच्या घरची गोष्ट त्यातच अडकली होती.

बाबा नाशिकला असतात, भावाच्या कुटुंबाबरोबर. वय चौऱ्याहत्तर. डोळ्यांच्या पडद्याचा त्रास सुरू झालाय. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय की नजर हळूहळू कमी होत जाणार, लक्ष ठेवायचं. तरी सोसायटीचे हिशोब तेच लिहितात आणि ते काम त्यांना कुणाला द्यायचं नाहीये. म्हणून सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर घेतला, उबुंटू टाकलं, आणि त्यांच्या लॉगिनला स्केल २०० टक्के. पुतणीचं लॉगिन वेगळं. तिला सगळं बारीकच आवडतं, "खूप मावतं ना काका!"

मध्यंतरी मॉनिटरवर रेघ आली. वॉरंटीत होता, म्हणून बदलून मिळाला. तेच मॉडेल, तोच रंग, तोच स्टँड. कुणाला फरक कळायचं कारणच नाही.

त्यानंतर दहा-बारा दिवस बाबांच्या फोनमधून हिशोबाचा विषयच गायब झाला. मी विचारलं तर "बघू रे, घाई नाही" म्हणाले. शेवटी वहिनी बोलली. "भाऊजी, बाबा म्हणतायत की संगणक आता भावाकडे देऊन टाकतो. त्यांना काही दिसतच नाहीये. तुम्हाला सांगू नका म्हणाले."

मी बाबांना फोन केला. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं, मग म्हणाले, "डोळे एकदम उतरले रे. महिनाभरापूर्वी वाचता येत होतं, आता आकडे मुंग्यांसारखे दिसतात. डॉक्टर म्हणालेच होते." आवाजात तक्रार नव्हती. त्यांनी मनातल्या मनात आवराआवर सुरू केली होती, आणि तेच मला जास्त लागलं.

मी विचारलं, "पेपर वाचता येतोय का?" म्हणाले, "भिंग घेऊन. पहिल्यासारखाच." तिथे माझी ट्यूब पेटली. डोळे एकदम उतरले असते तर पेपरही गेला असता.

पुतणीला फोनवर घेतलं. आजोबांच्या लॉगिनमधून ती फाईल उघडायला लावली आणि सिरियल नंबर वाचायला सांगितला. मग मॉनिटरच्या पाठीमागच्या स्टिकरवरचा वाचायला सांगितला.

"काका, हे दोन वेगळे आहेत."

म्हणजे बाबांचे २०० टक्के जागच्या जागी होते. पण ते कंपनीकडे परत गेलेल्या मॉनिटरच्या नावावर होते. ग्नोमच्या दृष्टीने हा नवा पाहुणा, त्याच्याबद्दल फाईलमध्ये एक ओळ नाही, म्हणून त्याला १०० टक्क्यांवर बसवलेलं. सत्तावीस इंचांत फोर-के, १०० टक्के. चांगल्या डोळ्यांनाही ते बारीकच. (केबल दुसऱ्या पोर्टला लावली तरी सहसा हेच होतं, कारण पोर्टचं नावही ओळखीचा भाग असतं.)

पुतणीने स्केल २०० वर नेलं, 'ठेवा' म्हणून सांगितलं. फाईलमध्ये नव्या सिरियल नंबरची नोंद पडली, काम संपलं. पलीकडून बाबा काहीच बोलले नाहीत. थोड्या वेळाने ऐकू आलं, "बाळ, मागच्या महिन्याचं पान काढ बघू."

पुढच्या शनिवारी नाशिकला गेलो तेव्हा अजून एक गोष्ट समजली. लॉगिनचा पडदा तर पहिल्यापासूनच बारीक होता. बाबा पाठ करून एन्टर दाबायचे आणि अंदाजाने पासवर्ड टाकायचे, कुणाला बोलले नव्हते. हे का होतं? कारण लॉगिनच्या वेळी अजून कुणीच आत आलेलं नसतं. तो पडदा 'जीडीएम' नावाचा एक वेगळा वापरकर्ता चालवतो, आणि त्याचं होम वेगळं, म्हणून त्याचं 'डॉट-कॉन्फिग' ही वेगळं. आमच्या उबुंटूवर ते 'व्हार', 'लिब', 'जीडीएम-थ्री' च्या आत आहे. बाबांची फाईल तिथे कॉपी केली आणि लॉगिनही मोठं झालं. अलीकडच्या ग्नोममध्ये हीच फाईल 'ईटीसी' मधल्या 'एक्सडीजी' फोल्डरात ठेवली तर ती संगणकावरच्या सगळ्यांना लागू होते, ज्यांनी स्वतःची केलेली नाही त्यांना.

आता बाकीचे पत्ते, कारण सगळे ग्नोम वापरत नाहीत. केडीई प्लाझ्मा ५ असेल तर 'डॉट-लोकल', 'शेअर' आणि त्यात 'केस्क्रीन' फोल्डर. प्लाझ्मा ६ मध्ये वेलँडवर 'डॉट-कॉन्फिग' मध्येच 'केविन-आउटपुट-कॉन्फिग' नावाची जेसन फाईल. एक्सएफसीई मध्ये 'डॉट-कॉन्फिग' च्या पोटात 'एक्सएफसीई-फोर', त्यात 'एक्सएफकॉन्फ', आणि तिथल्या आतल्या फोल्डरात 'डिस्प्लेज डॉट एक्सएमएल'. आणि एक घोळ टाळा: ग्नोममधलं 'मोठी अक्षरं' हे सेटिंग स्केलपेक्षा वेगळं. ते 'डीकॉन्फ' च्या बायनरी फाईलमध्ये जातं, मॉनिटरच्या सिरियल नंबरशी त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणून बाबांना आता दोन्ही लावून दिलंय. उद्या पुन्हा मॉनिटर बदलला तरी अक्षरं निदान अर्धी वाट मोठी राहतील.

पत्ता पाठ नसेल तर एक युक्ती. सेटिंग बदला आणि लगेच टर्मिनलमध्ये 'फाइंड' ला विचारा की होममध्ये गेल्या एका मिनिटात कोणत्या फाईल्स बदलल्या. ब्राउझर आधी बंद करा, नाहीतर त्याचाच पसारा दिसेल. उरलेल्या चार-पाच नावांत तुमची फाईल असते. कोणताही डेस्कटॉप, कोणतीही आवृत्ती, युक्ती तीच.

तुमच्या घरी कुणी वयस्कर माणूस संगणक वापरत असेल तर एवढं करा. त्यांच्या लॉगिनमधली ही फाईल एकदा वाचा, आणि मॉनिटर, केबल किंवा ग्राफिक्स कार्ड बदललं की लगेच विचारा, "अक्षरं तेवढीच दिसतायत ना?" ती माणसं आपणहून सांगत नाहीत. ती आधी स्वतःच्या डोळ्यांवर संशय घेतात.