वर्दी घातलेली प्राध्यापिका

बी.एड.ला आमच्या मॅडम सांगायच्या, पाठ टाचण कितीही सुंदर लिहा, वर्गात उभं राहिल्याशिवाय शिकवणं कळत नाही. कायद्याचंही तसंच असावं, हे मला रोझा ब्रुक्स यांच्याबद्दल वाचताना जाणवलं.

ब्रुक्स वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापक. येलमध्ये कायदा शिकलेल्या, मानवी हक्कांचं काम केलेल्या, काही काळ अमेरिकेच्या संरक्षण खात्यातही होत्या. तरी चाळिशी उलटल्यावर त्या पोलीस अकादमीत दाखल झाल्या. वॉशिंग्टनच्या पोलीस दलात राखीव अधिकारी असतात. त्यांना पगार नाही, पण वर्दी, पिस्तूल आणि अटकेचा अधिकार असतो. महिन्याला 24 तास ड्युटी. 2016 ते 2020 या काळात त्यांनी शहराच्या सातव्या पोलीस जिल्ह्यात गस्त घातली. हा भाग गरीब, आणि बहुतेक वस्ती कृष्णवर्णीयांची.

घरातूनच विरोध होता. आई बार्बरा एरेनराइक, गरिबांच्या जगण्यावर लिहिणाऱ्या नामवंत डाव्या लेखिका. मुलीने पोलिसात जावं हे त्यांना पटलं नाही.

आपल्या मोहल्ल्यात हे कोणाला नवीन वाटणार नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी यंदा बारावी झाली, पोलीस भरतीची तयारी करते आहे. तिची अम्मी मला म्हणाली, "सर, तुम्ही तरी समजवा तिला. दुसरं काहीही कर म्हणावं." या भीतीला इतिहास आहे, ती हसण्यावारी नेता येत नाही. पोलीस दलात मुसलमान लोकसंख्येच्या मानाने कमी आहेत, हे सच्चर समितीने 2006 मध्येच नोंदवलं होतं.

ब्रुक्स यांनी 2021 मध्ये या अनुभवावर पुस्तक लिहिलं. कोणीही, कधीही तुमच्यावर हल्ला करू शकतो, हे अकादमीत सतत बिंबवलं जायचं. वंशभेद आणि त्याचा इतिहास यावर मात्र फारसं बोललं जात नव्हतं. म्हणजे वस्ती पोलिसांना भिते, आणि पोलिसांना वस्तीला भ्यायला शिकवलं जातं. हे बाहेरून दिसलं नसतं. त्या नुसत्या लिहून थांबल्या नाहीत. 2017 मध्ये त्यांच्या पुढाकाराने विद्यापीठ आणि पोलीस दलाने मिळून तरुण पोलिसांसाठी एक उपक्रम सुरू केला. तिथे हेच टाळलेले प्रश्न चर्चेला येतात.

अर्थात ब्रुक्स यांना वर्दी उतरवून वर्गात परतता आलं. आमच्या मुलीसाठी ती रोजीरोटी असेल, आणि वर्दीच्या छातीवरच्या पाटीवर तिचं नाव लिहिलेलं असेल. अम्मीची काळजी मला कळते. पण रात्री-अपरात्री ठाण्यात जायची वेळ आलेल्या एखाद्या बाईला समोर ही मुलगी दिसली तर तिला किती धीर येईल, हेही मी अम्मीला सांगितलं.

भरतीच्या लेखी परीक्षेत मराठी व्याकरण असतं. दर रविवारी ते मी तिच्याकडून करून घेतो. अम्मी अजून राजी नाही, पण परवा मुलीबरोबर माझ्यासाठी शीरखुर्मा पाठवला होता.