फणसाडच्या रानातील एक रात्र

रायगडच्या किनाऱ्याला लागून, मुरूड आणि रोहा तालुक्यांच्या डोंगरांत फणसाडचे अभयारण्य आहे. एके काळी हे जंजिऱ्याच्या नवाबाचे शिकारीसाठी राखलेले रान होते. १९८६ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. जेथे प्राणी मारण्यासाठी राखले जात होते, तेथे ते जगण्यासाठी राखले जाऊ लागले. बिबट्या, सांबर, भेकर आणि उंच झाडांवर घरटी बांधणारे शेकरू येथे राहतात. गारंबीच्या जाडजूड वेली झाडाझाडांवरून दूरवर गेलेल्या दिसतात. येथील पाणवठ्यांना स्थानिक लोक ‘गाण’ म्हणतात. उन्हाळ्यात ओढे आटले की रानातील जीवन या गाणींभोवती गोळा होते.

मार्च महिन्यातील एका शनिवारी वसईच्या एका चर्चमधील वीस-बावीस जण येथे मुक्कामाला आले. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळातील एक रात्र गजबजाटापासून दूर, प्रार्थनेत घालवावी असा त्यांचा हेतू होता. फादर होते, कॉलेजातील मुले होती, तीन-चार कुटुंबे होती आणि साठी ओलांडलेल्या एक मावशी होत्या. तरुणांनी या रात्रीसाठी महिनाभर खपून एक मराठी भक्तिगीत बसवले होते. गिटार, ढोलकी आणि लहानसा स्पीकरही बरोबर होता.

सुपेगावच्या तंबूंपाशी वनरक्षकाने त्यांना नियम समजावून सांगितले. जेवण अंधारापूर्वी आटोपावे, खरकटे उघड्यावर टाकू नये, तंबूत खाण्याची वस्तू ठेवू नये, रात्री एकट्याने बाहेर पडू नये आणि वाळलेल्या पाचोळ्यामुळे शेकोटी मुळीच पेटवू नये. खरकट्याच्या वासाने कुत्री आणि रानडुकरे येतात व त्यांच्या मागावर बिबट्या येऊ शकतो, हे कारणही त्याने सांगितले. अमेरिकेतील योसेमिटीच्या रानात अस्वलांमुळे अन्नच नव्हे, तर टूथपेस्टसुद्धा लोखंडी पेटीत बंद ठेवावी लागते. माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा वस्तीकडे येते आणि अखेरीस अनेकदा त्यालाच जीव गमवावा लागतो. म्हणजे हे नियम केवळ माणसाच्या रक्षणासाठी नसतात. सूर्यास्तापूर्वी जेवण उरकण्याची शिस्त या मासिकाच्या वाचकांना नवी नाही. त्या संध्याकाळी ती वसईकरांनीही विनातक्रार पाळली.

तक्रार झाली ती गाण्यावरून. स्पीकर बाहेर निघताच वनरक्षक फादरांजवळ आला. “फादर, प्रार्थना जरूर करा. पण गाणं नको. आता जनावरांची गाणीवर यायची वेळ झाली. आवाज ऐकला की तहानलेली तशीच माघारी फिरतात.”

गिटार घेतलेल्या मुलाचा चेहरा उतरला. “देवाच्या गाण्यानं कुणाला कसला त्रास होईल, फादर? आम्ही महिनाभर मेहनत केली आहे.” इतरांनीही त्याची बाजू घेतली. स्पीकर नको, पण गीत तरी म्हणू द्या, असा आग्रह सुरू झाला. फादरांनी होकारही दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्यांनी मावशींकडे पाहिले.

मावशी म्हणाल्या, “बाळा, दुसऱ्याच्या घरी मुक्कामाला गेलो तर त्या घरातल्या माणसांचं पाणी आपण अडवतो का? गीत काय, उद्याही म्हणता येईल. त्यांना मात्र पाणी आजच हवं.”

मुलाने काही उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने त्याने गिटार पिशवीत घातली. त्या रात्रीची प्रार्थना मुक्यानेच झाली. मध्येच एक लहान मुलगी उठली, तंबूत गेली आणि उशीखाली लपवलेली चिक्की आणून तिने आईच्या हातात दिली. कोणी तिला रागावले नाही.

अंधार दाटला तशी भीतीही दाटली. वाऱ्याने हललेल्या पाचोळ्याचा आवाज पावलांसारखा वाटे. रातव्याची एकसुरी हाक बराच वेळ चालू होती. उत्तररात्री दूरवर सांबराने इशाऱ्याची हाक दिली आणि सारे रान क्षणभर स्तब्ध झाले. बिबट्या कोणालाही दिसला नाही. तरीही आपल्याखेरीज येथे कोणी जागे आहे, त्यालाही भूक-तहान आहे आणि हे घर त्याचे आहे, ही जाणीव प्रत्येकाला झाली. पहाटेपर्यंत भीती पुरती गेली नव्हती, पण तिच्यात आदर मिसळला होता.

रविवारी सकाळी ही मंडळी कोर्लईला गेली. १७३९ मध्ये वसई आणि १७४० मध्ये रेवदंडा-कोर्लई पोर्तुगीजांच्या हातून गेले. पण कोर्लईच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजमधून घडलेली एक वेगळीच बोली आजही घराघरांत बोलली जाते. तेथील माउंट कार्मेल माउलीच्या चर्चमध्ये, मिस्सा संपल्यावर, मुलांनी आपले गीत म्हटले. ते मोकळ्या गळ्याने म्हटलेले गीत कोणाला पाण्यापासून दूर लोटत नव्हते. मावशी पहिल्या बाकावर बसून ऐकत होत्या.