बेवड

पेरणीला सव्वा महिना झाला की आबा वावरात शिरून हरभऱ्याचं एक रोप मुळासकट उपटत. आम्हां पोरांना वाटायचं, डहाळे मिळणार. पण त्याला अजून घाटाही धरलेला नसे. आबा विहिरीच्या थारोळ्यात मूळ खळबळून धूत, त्यावरची एक गाठ अंगठ्याच्या नखानं फोडत आणि नख आमच्यापुढं धरत. आत गुलाबी, अगदी ताज्या मांसासारखं. “बेवड धरलाय,” एवढंच म्हणत आणि रोप बैलापुढं टाकत.

सीनाकाठचं, मोहोळ तालुक्यातलं आमचं रान. काळी, खोल, भेगाळणारी माती आणि वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही मनाला येईल तेव्हा. सोलापुरात 1933 सालीच कोरडवाहू शेतीचं संशोधन सुरू झालं ते उगाच नव्हे. अशा रानात खताची गाडी पुरायची नाही, म्हणून आधीच्या पिकाचा बेवड बघून पेरायचं. यंदा हरभरा किंवा तूर, पुढच्या वर्षी त्याच पट्टीत मालदांडी ज्वारी. हरभऱ्याच्या बेवडावरची ज्वारी बांधावरून ओळखू यायची. पान काळंभोर, कणीस दाणेदार. आबांना नत्र हा शब्द माहीत नव्हता. मुळावरच्या गाठीतले जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतात, हे युरोपात 1880 च्या दशकात सिद्ध झालं होतं. गाठीचा गुलाबी रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भाऊबंदाचा आहे, हेही आबांना कुणी सांगितलं नव्हतं. गुलाबी असली तर गाठ कामावर आहे, पांढरट किंवा हिरवट असली तर नाही, एवढं मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

तेव्हाचा हरभरा ‘चाफा’ वाणाचा. कडेनं करडईची काटेरी ओळ, म्हणजे जनावर आत घुसायचं नाही. थंडीत पहाटे आजी धुतलेलं फडकं हरभऱ्यावर पसरायची आणि दवासोबत उतरलेली आंब बाटलीत पिळून ठेवायची, पोटदुखीवर द्यायला. त्या फडक्यावर फवाऱ्याचं औषध येईल, ही शंका कुणाच्या मनाला शिवली नाही. घाटेअळी तेव्हाही होतीच. हरभऱ्यात ज्वारीचे चार दाणे टाकलेले असत, त्यांच्या ताटांवर साळुंक्या येऊन बसत आणि अळ्या वेचत. उरलं ते नशीब.

इथवर लिहून थांबलो असतो तर बरं वाटलं असतं. पण खरं सांगायचं तर त्याच बालपणाला बीएचसीचाही वास आहे. आम्ही तिला ‘गॅमेक्सिन’ म्हणायचो. 1953 पासून मलेरियाच्या मोहिमेत डीडीटी फवारणारी माणसं गावोगाव फिरली आणि भिंतीवर तारखा लिहून गेली. त्यांच्यामागून पावडर शेतातही आली. तुरीला अळी लागली की चुलते विरळ कापडाच्या पिशवीत बीएचसी भरून, पिशवी काठीला बांधून ओळीतून हलवत चालायचे. पांढरा धुरळा. नाकाला उपरणं, तेही असलं तर असलं. तीच पावडर मुंग्यांवर, ढेकणांवर आणि बियाण्याच्या कणगीच्या तळालाही. डीडीटी 1989 मध्ये शेतीतून गेली, बीएचसीवर 1997 मध्ये बंदी आली. पण ही क्लोरीनवाली औषधं बंदीचा कागद वाचून माती सोडत नाहीत, वर्षानुवर्षं चिकटून राहतात. तेव्हा सगळं निर्मळ होतं असं म्हणणारा म्हातारा भेटला, की मला ती पिशवी आठवते.

फरक पडला तो मापात. तेव्हा हंगामात एखादी धुरळणी, तीही पैसे असतील तर. 1980 मध्ये उजनी धरण पूर्ण झालं, पुढं कालव्याचं पाणी फिरलं, ऊस आला, मग द्राक्ष, डाळिंब. डाळिंबानं आमच्या भागाला सिमेंटची घरं दिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याच बागेत हुमणीला आणि खोडाच्या भुंगेऱ्याला म्हणून बुंध्याशी क्लोरपायरीफॉसची आळवणी, रसशोषक किडींना इमिडाक्लोप्रिड, वर ब्लोअर. डाळिंबावर तेल्या रोग आला तेव्हा आमच्या चुलतभावानं सात वर्षांची बाग जेसीबीनं उपटली आणि त्या वावरात हरभरा टाकला. बेवड म्हणूनच. ‘विजय’ वाण, चांगलं बियाणं.

महिन्याभरानं मी गेलो, तेव्हा जुन्या सवयीनं एक रोप उपटलं. आता विहिरीवर थारोळं नाही, ठिबकच्या नळीखाली मूळ धुतलं. पूर्वी बोटं अडखळावीत इतक्या गाठी असत. या मुळावर तीन होत्या, मोहरीएवढ्या. नखानं फोडली तर आत पांढरं. पाच-सहा पावलांवरचं दुसरं रोप उपटलं, त्याला एकही नाही. बांधाजवळ, जिथं डाळिंबाची ओळ कधीच नव्हती, तिथल्या रोपाला मात्र चिक्कार.

जमिनीखाली घडतं ते असं. हरभऱ्याचं मूळ मातीत काही रसायनं सोडतं, ती ओळखीची हाक. त्याचा ठरावीक जिवाणू तिला उत्तर देतो, केसासारखं मूळ वळतं आणि गाठ बांधली जाते. औषधांनी ही बोलाचालच बिघडते. अमेरिकेत 2007 साली लसूणघासावर झालेल्या अभ्यासात दिसलं, की डीडीटी आणि मिथाइल पॅराथिऑनसारखी द्रव्यं मुळाची हाक जिवाणूपर्यंत पोचू देत नाहीत. गाठी कमी होतात, पीक खुरटतं. अलिगढ मुस्लिम विद्यापीठात मसूर, वाटाणा, हरभऱ्यावर फिप्रोनिल वगैरे कीटकनाशकं मातीत मिसळून बघितली. शिफारशीच्या दुप्पट-तिप्पट मात्रेला नुकसान वाढत गेलं. आमच्याकडं शिफारशीची मात्रा लेबलावर असते आणि खरी मात्रा बाटलीच्या टोपणानं ठरते.

त्यात आपली माती. चिकण काळी माती अशी द्रव्यं धरून ठेवते, आणि कोरड्या महिन्यांत त्यांचा फडशा पाडणारे जिवाणू निपचित असतात. क्लोरपायरीफॉस साधारण दोन-चार महिन्यांत निम्मं होतं, इमिडाक्लोप्रिडला कधी वर्षापेक्षा जास्त लागतं. सगळा दोष औषधाचाच असंही नाही. बागेत ओतलेल्या युरियानंही गाठी धरत नाहीत, आयता नत्र मिळाला तर झाड कशाला कष्ट घेईल? शिवाय सात वर्षं हरभरा न दिसलेल्या मातीत त्याचे जिवाणू तरी किती उरणार? तपासणीशिवाय मी शपथ घेणार नाही. पण बांधाजवळचं ते रोप डोळ्यांपुढून जात नाही.

यंदा त्याच वावरासाठी चुलतभावानं रायझोबियमची पाकिटं आणली. दहा किलोला अडीचशे ग्रॅम, गुळाच्या पाण्यात कालवून. गेल्या वेळी दुकानदारानं बुरशीनाशक, कीटकनाशक आणि जिवाणू एकाच घमेल्यात कालवायला सांगितलं होतं, म्हणजे पाहुण्याला जेवायला बोलावून ताटात विष वाढायचं. या वेळी बियाण्याला बुरशीनाशक आधीच लावून सुकवलं होतं, कीटकनाशक लावलंच नाही, आणि जिवाणू सगळ्यांत शेवटी. सोप्यातल्या बाजेवर पोतं अंथरून बी सावलीत पसरलं.

तासाभरात गुळाच्या वासानं बाजेच्या पायांवरून मुंग्यांची रांग लागली. चुलतभाऊ सवयीनं कोनाड्यातल्या पावडरीच्या डब्याकडं वळला.

“आरं थांब,” चुलती चुलीपासून ओरडली. “चार वाट्या आण पाण्यानं भरून, बाजेच्या पायांखाली ठेव. तुझ्या आज्ज्यापासून तसंच हाय की.”

तो वाट्या शोधायला आत गेला. घरात सगळ्या स्टीलच्या, जेवणाच्या. मग प्लॅस्टिकची झाकणं सापडली, फवाऱ्याच्या औषधाच्या डब्यांची, लाल. चुलतीनं ती बघितली आणि स्वतः उठून परसात नारळाच्या करवंट्या शोधायला गेली.